शस्त्रक्रियेच्या दिवसांत कोलेस्ट्रॉलची गोळी

आमचे मामा तलासरीचे. स्टेंट बसवल्यापासून रोज रात्री स्टॅटिन गटातली कोलेस्ट्रॉलची गोळी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घेत. वाडीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा त्यांना राज्याच्या हद्दीपलीकडच्या एका इस्पितळात नेलं. ‘गोळ्या बंद ठेवा,’ एवढंच कुणीतरी सांगितलं. रोख रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर होता, पण मामींनी गोळ्यांची पिशवीच घरी ठेवली. शस्त्रक्रिया नीट झाली. तिसऱ्या दिवशी मामांना दरदरून घाम सुटला, धाप लागली. छातीत दुखलं नाही. हृदयविकाराचा झटका आहे हे ईसीजी आणि रक्तातल्या ट्रोपोनिनच्या तपासणीत कळलं. स्टॅटिनची गोळी चालू असती तर तो टळलाच असता, असं हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. पण ती थांबवायचं काही कारण नव्हतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

स्टॅटिन नुसतं कोलेस्ट्रॉल उतरवत नाही, धमनीतल्या चरबीच्या थरांची सूजही कमी करतं. शस्त्रक्रियेत नाडी आणि रक्तदाब वरखाली होतात, रक्त लवकर गोठू लागतं, ते थर फुटण्याची भीती वाढते. म्हणून आधीपासून स्टॅटिन घेणाऱ्याने ते चालूच ठेवावं, असं अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटना सांगतात.

कधीच न घेतलेल्याने मात्र शस्त्रक्रियेच्या तोंडावर मनाने सुरू करू नये. ब्राझीलमधल्या एका चाचणीत अशांना आयत्या वेळी मोठा डोस देऊन फायदा दिसला नाही. त्याआधी नेदरलँड्समधल्या अभ्यासांनी मोठी आशा लावली होती, पण त्यांच्या प्रमुख संशोधकाला 2011 मध्ये विद्यापीठाने गैरप्रकारांवरून काढून टाकलं. पायाच्या किंवा मानेच्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टर स्वतःच आधी सुरू करतात.

डहाणू-तलासरीकडची माणसं उपचाराला वापी, वलसाड, सिल्वासा गाठतात. तिथल्या डॉक्टरांना आपली जुनी औषधं कुठून माहीत असणार? गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या आणि भूलतज्ज्ञांसमोर ठेवा. एकेका गोळीचं विचारा, कारण अ‍ॅस्पिरिनचा नियम वेगळा, मधुमेहाच्या गोळ्यांचा वेगळा. ‘उपाशी राहा’ म्हटलं तरी घोटभर पाण्याबरोबर कुठली गोळी चालेल, हे त्यांनाच विचारा. स्टॅटिनचं इंजेक्शन नसतं, म्हणून पेशंट गिळू लागला की ‘ती गोळी पुन्हा कधी?’ हा प्रश्न नातेवाइकांनीच काढायचा. गोळी घेताना स्नायू फार दुखले किंवा लघवी गडद झाली, तर डॉक्टरांना लगेच सांगायचं.

शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामकांमुळे छातीतली कळ पुष्कळदा जाणवतच नाही. घाम, धाप, एकाएकी असंबद्ध बोलणं, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, यातलं काहीही दिसलं तर राउंडची वाट पाहू नका, सिस्टरना त्याच क्षणी हाक मारा. घरी आल्यावर दिसलं तर 108 ला फोन करा.