इंग्रजी पदसमूह-क्रियापदे व मराठी संयुक्त क्रियापदे : अर्थभेदाचा तौलनिक विचार

इंग्रजी क्रियापदाला 'अप', 'ऑफ', 'आउट' यांसारखे अव्यय जोडले की त्याचा अर्थ पालटतो. 'पुट' म्हणजे ठेवणे. परंतु 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे चालवून घेणे. घटकांच्या अर्थांची बेरीज करून हे अर्थ हाती लागत नाहीत. अनुवादकापुढील ही अडचण जुनीच आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केले. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पूर्ण केला. तेव्हापासून प्रतिशब्दांचा संग्रह वाढला; दोन्ही भाषांतील अर्थघडणीची तुलना मात्र स्वतंत्रपणे करावी लागते.

मराठीत ही अर्थघडण मुख्यतः दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग नामाच्या संगतीचा. मनावर घेणे, अंगावर घेणे, फैलावर घेणे यांत 'वर' आणि 'घेणे' कायम असून नाम बदलताच अर्थ बदलतो. इंग्रजीत हे काम अव्यय करते : 'टेक ऑन' म्हणजे अंगावर घेणे, 'टेक अप' म्हणजे हाती घेणे. 'टेक आफ्टर' साठी मात्र 'घेणे' सोडून 'वळणावर जाणे' म्हणावे लागते.

दुसरा मार्ग संयुक्त क्रियापदाचा. 'सांगून टाकणे' यात फेकण्याचा अर्थ उरत नाही. क्रिया एकदाची उरकल्याचा भाव येतो. 'गमावून बसणे' यात पश्चात्तापाची छटा येते. 'ईट अप' मधील 'अप' पूर्णता दाखवते. मराठी सहायक धातू पूर्णतेबरोबर कर्त्याची किंवा वक्त्याची वृत्तीही सूचित करतो.

यांतील भेद नकाराच्या कसोटीने स्पष्ट होतो. 'त्याने सांगून टाकले नाही' हे साधे विधान कानाला खटकते. तेथे 'सांगितले नाही' असेच म्हटले जाते. उलट 'त्याने चालवून घेतले नाही' हे सहज वाटते. म्हणजे पहिल्यात 'टाकणे' केवळ छटा देते, तर 'चालवून घेणे' हे 'पुट अप विथ' प्रमाणे स्वतंत्र अर्थाचे एकक बनले आहे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. कोशात 'चालवून घेणे' सारख्या रूपांना स्वतंत्र नोंद मिळावयास हवी. छटादर्शक रूपांसाठी सहायक धातूखालील नोंद पुरेशी आहे. अध्यापनातही सुट्या शब्दाचा प्रतिशब्द न विचारता संपूर्ण वाक्याचे, आणि शक्य तेथे त्याच्या नकाराचेही, मराठी रूप विचारणे अधिक फलदायी ठरेल.