मावळ्याची ढाल आणि पितळेचा रंग

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

दिवाळी जवळ आली की आमच्या मावळात दारोदार मातीचे किल्ले उभे राहतात व बाजारात मावळ्यांच्या चित्रांचे ढीग लागतात. गेली तीन वर्षे सुटीत मी ही चित्रे रंगवितो. पुस्तकांचा खर्च त्यातून निघतो.

पहिल्या वर्षी ढाल, शिरस्त्राण, चिलखत यांवर मी सरसकट सोनेरी रंग फासला. मावळा चकचकीत कागदातल्या गोळीसारखा दिसू लागला! आईने तो पाहिला आणि काही न बोलता चिंचेने घासलेली समई माझ्यापुढे ठेवली. उठावाच्या जागा लखलखीत, खाचा काळपट. धातूला एकच रंग नसतो, हे मला तेव्हा उमगले.

म्हणून आता प्रथम तपकिरीत थोडा काळा मिसळून हात देतो. तो वाळल्यावर ब्राँझ रंगात बुडविलेला ब्रश फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा व उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. मग पाणीदार तपकिरी रंग खाचांत सोडावा. उजेड वरून पडतो, तेव्हा खांद्याच्या व शिरस्त्राणाच्या वरच्या कडेला तेवढा फिकट सोनेरी ठिपका द्यावा. जुनेपणा हवा असेल तर सांध्यात कळकलेल्या भांड्यावरचा हिरवट रंग किंचित लावावा. बाजारात ब्राँझची म्हणून मिळणारी भुकटी बहुधा तांबे व जस्त यांची, म्हणजे पितळच असते. कांसे होते तांबे व कथील यांचे. वार्निश न दिल्यास ही भुकटी काळवंडते.

परंतु मुळात मावळ्याला कांशाचे चिलखत कशाला? ते प्राचीन ग्रीक वीरांना शोभते. आपल्याकडे सतराव्या शतकातील चिलखत लोखंडी कड्यांचे. १६५९ साली प्रतापगडाखाली महाराजांच्या अंगरख्याआड चिलखत होते हे सर्वश्रुत आहे. सामान्य मावळ्याच्या अंगावर मात्र साधा अंगरखा व डोक्याला मुंडासे. पितळेला खरी जागा आहे ती कातडी ढालीवरील चार फुलांत. आतली मूठ ज्या खिळ्यांनी पक्की करीत, त्यांची टोके ही फुले झाकतात. (१७७९ साली आमच्या वडगावी इंग्रजांना तह करावा लागला, त्या लढाईतील शिपायांची चित्रे मला बाजारात अजून दिसलेली नाहीत.)

यंदा मी चिलखते लोखंडी करड्या रंगात रंगविली, फक्त ढालीची फुले पितळी. निम्मी चित्रे परत आली. "सोनेरी नसलं तर गिऱ्हाईक हात लावत नाही," असे उत्तर मिळाले. फीची तारीख जवळ आली होती. मी बसून ती सगळी पुन्हा सोनेरी केली. सहा मावळे तेवढे तसेच ठेवले. ते घरी फळीवर, समईशेजारी आहेत.