कुत्र्यास कच्चे मांस घालावे काय?

शेतकऱ्याच्या घरी बैल, गाय, शेळी यांच्या खाण्याविषयी जितका विचार होतो, त्याच्या शतांशही कुत्र्याच्या खाण्याविषयी होत नाही. उरलीसुरली भाकरी टाकावी, ताक-कण्या द्याव्या, आणि घरी बोकड पडला म्हणजे आतडी, फुप्फुस व काळजाचा टाकाऊ तुकडा त्याच्यापुढे फेकावा, ही आपली जुनी वहिवाट. परंतु वहिवाट पुष्कळ वर्षे चालली एवढ्यानेच ती निर्दोष ठरत नाही, हे तहसील कचेरीत उमर घालविलेल्या मजसारख्या कारकुनास तरी निराळे सांगावयास नको. प्रस्तुत लेखात या वहिवाटीच्या एका भागाचा, म्हणजे कच्चे मांस व विशेषतः कच्ची काळीज-फुप्फुसे कुत्र्यास घालण्याचा, विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न निघण्यास नवे निमित्तही झाले आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांतून मुंबई-पुण्याची मंडळी भारी जातीची कुत्री आणतात व त्यांतील काहीजण त्यांस मुद्दाम कच्चे मांस घालतात. ते पाहून आमच्याकडील तरुण विचारू लागले की, जाणती माणसे असे करतात, तर आपण आपल्या राखणीच्या कुत्र्यास का घालू नये? ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी 1993 साली लिहिलेल्या पुस्तकापासून या मताचा विशेष प्रसार झाला. कुत्रा लांडग्याच्या कुळातला, त्याचे दात व पोट कच्च्या मांसासाठीच घडलेले, तेव्हा शिजविलेले अन्न त्याच्या प्रकृतीविरुद्ध होय, असा त्या पक्षाचा युक्तिवाद आहे.

यात काही तथ्य आहे. कुत्र्यास कच्चे मांस पचते व मांस हे त्याचे आवडते खाद्य आहे, हे कोणी नाकारीत नाही. परंतु कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या दारात राहिला आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, धान्यातील पीठ पचविण्याची शक्ती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ वाढलेली आहे. म्हणजे आपली भाकरी ही त्यास परकी नाही. शिवाय कुत्र्यास काय पचते एवढाच प्रश्न शेतकऱ्यापुढे नाही. कुत्रा खातो त्याचा परिणाम आपल्या शेळ्या-मेंढ्यांवर व आपल्या लेकरांवर काय होतो, हा खरा प्रश्न आहे.

शेळी, मेंढी किंवा म्हैस कापली असता तिच्या काळजात अगर फुप्फुसात कधी कधी पांढुरक्या, पाण्याने भरलेल्या पिशव्या आढळतात. खाटीक तेवढा भाग कापून टाकतो आणि जवळ बसलेले कुत्रे तो उचलते. या पिशव्यांस डॉक्टर लोक हायडॅटिड असे म्हणतात. त्या एका पट्टकृमीची, म्हणजे चपट्या जंताची, बाल्यावस्था होत. या जंतास जगण्यासाठी दोन घरे लागतात. पिशवी कुत्र्याच्या पोटात गेली म्हणजे तिच्यातील सूक्ष्म डोकी आतड्यास चिकटतात व सुमारे सहा-सात आठवड्यांत त्यांचे पूर्ण वाढलेले जंत होतात. एकेक जंत अवघा 3 ते 6 मिलिमीटर लांबीचा, पण एका कुत्र्यात ते हजारो असू शकतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात, गवतावर, पाण्यात व कुत्र्याच्या केसांवर राहतात. ती शेळी-मेंढीच्या पोटात गेली म्हणजे पुन्हा काळजात पिशवी तयार होते, आणि फेरा पूर्ण होतो. जर्मन शास्त्रज्ञ सीबोल्ड यांनी अशा पिशव्या कुत्र्यांस खाऊ घालून 1853 च्या सुमारास हा संबंध सिद्ध केला.

यात माणूस चुकून सापडतो. अंगणात खेळणारे मूल कुत्र्यास कुरवाळते, तोच हात तोंडात घालते. किंवा न धुतलेली कोथिंबीर पानात पडते. मग तीच पिशवी माणसाच्या काळजात किंवा फुप्फुसात वाढू लागते. ती इतकी हळू वाढते की वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा रोग माणसास मटण खाल्ल्याने होत नाही, कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी पोटात गेल्याने होतो. म्हणून माळकऱ्याच्या घरीही तो होऊ शकतो. आणखी ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, ज्या कुत्र्याच्या पोटात हे जंत असतात ते बहुधा धडधाकट दिसते. 'आमचे कुत्रे चांगले आहे' हा पुरावा येथे उपयोगी नाही.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. माझ्या पुतणीचा मुलगा नऊ वर्षांचा असताना उजव्या बरगडीखाली जड वाटते असे म्हणू लागला. गॅस, अपचन म्हणून काही महिने घरगुती उपाय झाले. शेवटी पुण्यास नेऊन तपासणी केली, तेव्हा काळजात मोठ्या लिंबाएवढी पिशवी निघाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो आजाराविषयी नव्हता. ते म्हणाले, "काका, घरी कुत्रे आहे का? आणि त्यास खायला काय घालता?" मी गप्प राहिलो. कारण आमच्या वाड्यावरील कुत्र्यास यात्रेच्या व आखाडाच्या दिवशी कच्चे काळीज घालणारा मीच होतो, आणि मुलगा सुटीत त्याच्याच गळ्यात पडून असे. आधी गोळ्या, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा गोळ्या, असे होऊन मूल वाचले. ऑपरेशनच्या वेळी पिशवी आत फुटली तर जिवावर बेतते, हे ऐकून त्या चार तासांत घरच्या माणसांचे काय झाले असेल ते लिहीत नाही. आमच्याच कुत्र्यापासून रोग आला असे खात्रीने कोणी सांगू शकणार नाही. पण नाही असेही मला म्हणता येत नाही.

ही पीडा शहाणपणाने घालविता येते याला दाखला आहे. उत्तरेकडील आइसलँड हा मेंढपाळांचा देश. तेथे एकोणिसाव्या शतकात या रोगाने घरोघर माणसे आजारी असत. हराल्ड क्राब नावाच्या डॅनिश पशुवैद्यास तेथील कुत्र्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक कुत्र्यांत हा जंत सापडला. त्यांनी 1864 साली साध्या भाषेत एक लहान पुस्तिका लिहिली व ती देशातील घरोघर फुकट वाटण्यात आली. कच्ची आतडी व पिशव्या कुत्र्यास घालू नका, त्या जाळा किंवा पुरा, हाच तिचा सारांश. लोक वाचणारे होते, त्यांनी वाचले व आचरले; मागाहून कायदेही झाले. आज त्या देशातून हा रोग नाहीसा झाला आहे. न्यूझीलंडनेही कुत्र्यांस कच्ची आतडी घालण्यास मनाई करून व कुत्र्यांस औषध देऊन असेच यश मिळविले.

आमच्या मावळात तर सावधगिरीस अधिक कारण आहे. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा, आषाढात आखाड. या दिवसांत घरोघर बोकड पडतात व कापण्याची जागा उघड्यावर, ओढ्याच्या काठी असते. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या धनगरांचे कळप आपण खतासाठी शेतात बसवितो. त्यांच्याबरोबर कुत्री असतातच. या जंताची अंडी कडक उन्हात व कोरड्या जागी मरतात, पण थंड व ओलसर जागी महिनेच्या महिने जगतात. आणि लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वी मेलेले ढोर गिधाडे तासाभरात साफ करीत. डायक्लोफिनॅक या औषधाच्या अंशाने गिधाडे नष्टप्राय झाली; 2006 साली ते औषध जनावरांसाठी बंद केले, तरी गिधाडे पूर्ववत आली नाहीत. त्यांचे काम आता गावातील कुत्री करतात, आणि तेच तोंड घेऊन आपल्या अंगणात येतात.

तेव्हा करावे काय, ते क्रमाने सांगतो.

1. काळीज, फुप्फुस, आतडी, वजडी कच्ची कधीही घालू नये. घालावयाचीच तर लहान तुकडे करून, उकळी आल्यापासून पुरा अर्धा तास शिजवून घालावी. पिशवी दिसली तर ती फोडू नये. तो भाग जाळावा अगर कंबरभर खोल पुरून वर दगड ठेवावे.

2. साधे कच्चे मांसही शिजवूनच द्यावे. त्यात साल्मोनेला इत्यादी जंतू असतात. कुत्र्यास ते बाधले नाहीत तरी त्याच्या तोंडावाटे व भांड्यावाटे घरात पसरतात.

3. शिजविलेली हाडे घालू नयेत. त्यांच्या अणकुचीदार चिपा होऊन घशात व आतड्यात रुततात.

4. पिल्लास तीन-चार आठवड्यांपासून आईच्या दुधाबरोबर मऊ अन्न चाटवावे. नुसत्या मांसावर पिल्लू वाढवू नये. मांसात स्फुरद पुष्कळ व चुना अत्यल्प, त्यामुळे हाडे पोचट होऊन पाय वाकतात. नाचणीत दर 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलिग्रॅम चुना असतो. म्हणून नाचणीची पेज, भात, उकडलेले अंडे व थोडे शिजविलेले मांस असा मेळ घालावा. तरीही चुना कमी पडतो काय, हे पशुवैद्यास विचारावे. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा खाऊ घालावे.

5. अंडे कच्चे देऊ नये. त्याच्या पांढऱ्या बलकातील एक द्रव्य बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका ही कच्ची काय, शिजवूनही घालू नयेत. कांद्याने कुत्र्याचे रक्त क्षीण होते.

6. जंताचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने व वजनाप्रमाणे द्यावे. प्रत्येक औषध या जंतावर चालत नाही. त्यात 'प्राझिक्वांटेल' आहे की नाही ते पाहावे. जे कुत्रे बाहेर कच्चे खाते त्यास दर सहा आठवड्यांनी औषध द्यावे लागते. औषधाने जंत मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून पुढील दोन-तीन दिवस कुत्रे बांधून ठेवावे व विष्ठा खोल पुरावी.

7. जनावर एकाएकी मेले व नाका-गुदद्वारातून रक्त आले तर फाशी रोगाचा संशय धरावा. ते फाडू नये, कुत्र्यांस शिवू देऊ नये, पशुवैद्यास वर्दी द्यावी.

8. कुत्र्यास हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावे. कच्ची खावयाची भाजी वाहत्या पाण्यात धुवावी.

यांपैकी बहुतेक गोष्टींस पैसा लागत नाही. एक जुने पातेले, दोन फाटी सरपण व अर्धा तास इतकाच खर्च. परंतु एकट्या घराने पाळून भागत नाही, कारण शेजाऱ्याचे कुत्रे आपल्या खळ्यावर येतेच. यास्तव माझी सूचना अशी की, यात्रेच्या आधी प्रत्येक गावच्या मंडळींनी बैठकीत ठराव करून कापण्याची एकच जागा नेमावी, तेथे एक खोल खड्डा व एक मोठी कढई ठेवावी आणि एका जबाबदार माणसाकडे हे काम सोपवावे. पुढील यात्रेस आमच्या वाडीत असे करण्याचे ठरले आहे व कढईचा खर्च मी माझ्याकडे घेतला आहे.

कुत्रे रात्रभर जागून आपले घर राखते. त्याच्या पोटावाटे घरात रोग येऊ न देणे ही राखण मात्र आपण करावयाची आहे.