पाच व्होल्ट म्हणजे नक्की किती?

यूएसबी म्हटलं की आपण डोळे झाकून ‘पाच व्होल्ट’ सांगून मोकळे होतो. व्हायवात तेवढं चालून जातं, बोर्डवर चालत नाही. समजा, प्रोजेक्टसाठी आपण बॅटरीवर चालणारा डेटा लॉगर बनवला आणि तो यूएसबीने पीसीला जोडायचा आहे. केबल लागली की निघाली, हे लॉगरला स्वतःच ओळखावं लागतं. कारण व्हीबस लाइनवर व्होल्टेज नसेल तर डी-प्लसचा पुल-अप तोडलेला हवा, असा नियम आहे. नाहीतर बंद पीसीच्या पोर्टमध्ये उलटा करंट शिरतो.

म्हणजे कुठेतरी एक रेघ मारायची. तिच्या वर ‘लागली’, खाली ‘निघाली’. हीच थ्रेशोल्ड. पण मारायची कुठे?

आधी वरची हद्द पाहू. २००० साली आलेल्या यूएसबी २.० नुसार पीसीच्या पोर्टवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असतात. पण बसवरच चालणाऱ्या छोट्या हबच्या पोर्टवर ४.४० व्होल्टपर्यंत घसरण चालते. शेजारच्या पोर्टमध्ये कुणी काही खुपसलं, तर क्षणभर आणखी ०.३३ व्होल्टची बुडी मान्य आहे. राहिले ४.०७. ऑन-द-गो पुरवणीत तर ‘सेशन व्हॅलिड’ची थ्रेशोल्ड ०.८ ते ४.० व्होल्टच्या दरम्यान हवी असं स्पष्ट आहे. म्हणून ४.० ही आपली लक्ष्मणरेषा.

मग सरळ ०.८ जवळच ठेवली तर? तिथे कपॅसिटर आडवा येतो. व्हीबसवर १० मायक्रोफॅरड आहेत आणि ते फक्त १५१ किलोओहमच्या डिव्हायडरमधून रिकामे होतात असं धरा. टाइम कॉन्स्टंट झाला साधारण १.५ सेकंद. केबल काढल्यावर ५ वरून ०.८ व्होल्टला यायला जवळजवळ पावणेतीन सेकंद लागतील, ३.४७ ला यायला साधारण अर्धा सेकंद. तेवढा वेळ लॉगर ‘केबल आहे’ याच भ्रमात राहणार.

आता सर्किट. ३.३ व्होल्टवर चालणारा एलएम३९३ कम्पॅरेटर घेऊ. सवयीने टीएल४३१ चा २.५ व्होल्टचा रेफरन्स लावाल तर फसाल. या कम्पॅरेटरचे इनपुट सप्लायपेक्षा दीड व्होल्ट खालीच, म्हणजे १.८ पर्यंतच भरवशाचे. म्हणून १.२४ व्होल्टचा टीएलव्ही४३१ घ्यायचा. व्हीबसकडून प्लस इनपुटला १०० किलोओहम, तिथून ग्राउंडला ५१ किलोओहम, आउटपुटवर १० किलोओहमचा पुल-अप आणि आउटपुटकडून प्लस इनपुटला १ मेगाओहम.

हा १ मेगाओहम कशाला? आपल्या मीरा रोड-भाईंदरच्या सोसायटीतला गच्चीवरचा टाकीचा फ्लोट आठवा. पाणी खालच्या खुणेपर्यंत उतरलं की पंप सुरू, वरच्या खुणेला पोचलं की बंद. दोन्ही कामं एकाच खुणेवर ठेवली तर पाण्याच्या प्रत्येक हिंदकळीला पंप चालू-बंद होऊन जळेल. तसंच इथे. चढताना रेघ एक, उतरताना दुसरी, यालाच हिस्टेरेसिस म्हणतात.

चढताना आउटपुट शून्य असतो:
१.२४ × (१ + १००/५१ + १००/१०००) = ३.८० व्होल्ट.
उतरताना आउटपुट ३.३ व्होल्ट असतो, त्यामुळे रेघ सुमारे ०.३३ ने खाली, ३.४७ वर येते. ४.०७ पर्यंतच्या बुडीने लॉगर दचकणार नाही.

इथे बरेच जण पेन खाली ठेवतात. खरी परीक्षा पुढेच आहे. रेझिस्टर ५ टक्केवाले घेतले आणि नशीब वाईट निघालं (१०० वाला १०५, बाकीचे दोन्ही ५ टक्क्यांनी कमी), तर चढती रेघ ४.०६ वर जाते. रेफरन्सची १ टक्का चूक धरली की ४.१०. झालं! लॅबच्या पीसीवर लॉगर पास, पण सबमिशनच्या दिवशी कुणाच्या तरी हबवर ‘डिव्हाइस सापडत नाही’. कोड सगळा तपासून होतो, दोष मात्र सापडत नाही, कारण तो कोडमध्ये नसतोच. तेच १ टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर घेतले तर वाईटात वाईट ३.८९. कम्पॅरेटरचा ऑफसेट आणि इनपुट करंट मिळून आणखी काही दशक मिलिव्होल्ट धरले तरी ४.० च्या आत. म्हणून लॅमिंग्टन रोडला जाल तेव्हा टॉलरन्स सांगूनच मागा.

टाइप-सी मध्येही हेच तत्त्व. सीसी पिनवर उपकरणाचा ५.१ किलोओहम असतो आणि चार्जर त्यात ८०, १८० किंवा ३३० मायक्रोअँपिअर सोडतो. व्होल्टेज मिळतात ०.४१, ०.९२ आणि १.६८. त्यावरून साधा करंट, दीड अँपिअर की तीन अँपिअर ते कळतं. थ्रेशोल्ड आहेत ०.२, ०.६६ आणि १.२३, म्हणजे कुठलीही पातळी रेघेला चिकटलेली नाही. हा ५.१ किलोओहम वाचवलेले स्वस्त बोर्ड दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत, कारण चार्जर व्होल्टेज सोडतच नाही.

तेव्हा बोर्ड तयार झाला की एक करा. व्हेरिएबल सप्लाय शून्यापासून हळूहळू ५ वर न्या, परत खाली आणा, आणि दोन्ही रेघा मल्टिमीटरने मोजून जर्नलमध्ये लिहा. दहा मिनिटांचं काम आहे, सबमिशनची आदली रात्र वाचेल.