सेलम गांवची भाकर

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स ह्या इंग्रज वसाहतींत सेलम नांवाचें खेडें होतें. लोक प्रॉटेस्टंट, शास्त्र वाचणारे, शब्बाथ पाळणारे. इ. स. १६९२ च्या आरंभीं तेथील पाळक सॅम्युएल पॅरिस ह्यांच्या घरांतील दोन मुलींस झटके येऊं लागले. तेव्हां मंडळींतील मेरी सिब्ली ह्या बाईच्या सल्ल्यानें पिठांत मुलींचें मूत्र कालवून भाकर भाजिली व कुत्र्यास घातली. हेतु हा कीं, चेटकीण उघडकीस यावी. सैतानाविरुद्ध सैतानाचेंच साहाय्य घेतलें म्हणून पाळकांनीं तिला मंडळीसमोर दोष दिला, व तिनें पश्चात्ताप केला.

परंतु न्यायसभेंत मुलींस दिसलेली छाया हाच पुरावा ठरला. १९ जणांस फांशी झाली. गाइल्स कोरी ह्या वृद्धास दगडांखालीं दडपून मारिलें. पुढें १६९७ सालीं न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल बोस्टनच्या मंदिरांत उभे राहिले, आणि त्यांचा दोषांगीकार सर्वांसमोर वाचण्यांत आला.

ह्यावरून आम्हांस दिसतें कीं, बाप्तिस्म्यानें चेटकाची भीति आपोआप जात नाहीं; लेंकरूं आजारी पडलें कीं गंडादोरा आठवतो. तीच भीति धर्माचें पांघरूण घेऊन आली, तर अधिक घातक होते. म्हणून उपदेशक बंधूंनो, घरांत दुखणें आलें तर प्रार्थना करा व डॉक्टरास बोलवा. आणि कोणीं शेजारच्या विधवेचें नांव घेतलें, तर एवढेंच विचारा, ‘तूं स्वतः काय पाहिलेंस?’ खोट्या साक्षीविषयींची आज्ञा आपणांसहि आहे.