सशांचीं पोरकीं पिलें

घरीं ससे पाळणाऱ्या शेतकरी बंधूंनीं एक गोष्ट प्रथम ध्यानांत धरावी. सशाची मादी पिलांजवळ बसून राहत नाहीं. अहोरात्रांत एकदां, फार तर दोनदां येऊन ती ४-५ मिनिटें पाजते व निघून जाते. यावरून तिनें पिलें टाकलीं असें समजूं नये. पोटें भरलेलीं असून पिलें निवांत पडलीं असतील, तर त्यांस मुळींच हात लावूं नये. कातडीस सुरकुत्या व पोट खपाटीस गेलेलें दिसल्यास मात्र तीं उपाशी आहेत असें जाणावें.

आई मेलीच असेल, तर २-३ दिवसांच्या अंतरानें व्यालेल्या दुसऱ्या मादीच्या घरट्यांतील केंस पिलांस चोळून तीं तिच्या पिलांत मिसळावीं. एका मादीकडे एकंदर ८ हून अधिक पिलें ठेवूं नयेत.

अशी मादी नसल्यास शेळीचें कोमट दूध पाजावें. गारठलेल्या पिलास आधीं ऊब द्यावी. त्यास उताणें न धरतां पोटावर ठेवून थेंबथेंब पाजावें. दूध फुप्फुसांत गेल्यास पिलूं दगावतें. नंतर कोमट ओल्या कापसानें शेपटीखालीं हळूच पुसावें, म्हणजे मलमूत्र होतें. १०-१२ व्या दिवशीं डोळे उघडतात.

इतकें करूनही अगदीं कोवळीं पिलें क्वचितच जगतात. म्हणून दोन-तीन माद्यांस एकाच सुमारास नर दाखवावा, म्हणजे प्रसंगीं दुसरी आई घरांतच मिळेल, असें आम्ही आग्रहानें सुचवितों.