पत्ता आणि प्रकृती : आपल्या वस्तीचा दवाखाना कसा तपासावा?

‘प्राथमिक’ म्हटले की बहुतेकांना प्रथमोपचाराची पेटी आठवते : कापूस, मलम, पट्टी. प्राथमिक आरोग्यसेवा ही त्याहून पुष्कळ मोठी गोष्ट आहे. दुखणे आले की माणूस सर्वांत आधी जिथे जातो, पुन्हा पुन्हा जिथे जातो आणि जिथे त्याच्या प्रकृतीची नोंद वर्षानुवर्षे राहायला हवी, ती ही सेवा. बाळाची लस, गरोदर बाईची तपासणी, ताप, खोकला, बीपी, शुगर, क्षय ही सगळी कामे इथलीच. बहुतेक दुखणी इथे बरी होऊ शकतात. इथे दुर्लक्ष झाले तर तीच दुखणी मोठ्या हॉस्पिटलच्या दारात जातात, आणि तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात काम केले आणि आता वस्त्यांमध्ये काम करतो. दोन्हीकडे एक वाक्य आम्हाला सतत ऐकू येते : “ही माणसे अडाणी, दुखणे अंगावर काढतात, म्हणून मरतात.” या पाठात आपण हे वाक्य तपासणार आहोत. गरीब वस्तीतला माणूस जास्त आजारी का असतो, आणि त्यात त्याच्या दवाखान्याचा वाटा किती?

वस्ती आजार कशी देते?

मुंबईचा एम-पूर्व वॉर्ड घ्या. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द हा तो भाग. शहराचा कचरा १९२७ पासून देवनारच्या डंपिंग ग्राउंडवर येतो, तो इथेच. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या २४ वॉर्डांमध्ये या वॉर्डाचा निर्देशांक सर्वांत खाली होता, अवघा ०.०५. पाणी टँकरचे किंवा विकतचे, संडास सार्वजनिक, घर दहा बाय बाराचे, हवेत धूर. झोपडी सोडून पुनर्वसनाच्या इमारतीत गेलेल्यांचीही सुटका झाली नाही. याच परिसरातल्या वसाहतींच्या अभ्यासात असे दिसले, की जिथे इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत तिथे, आणि त्यातही ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर, क्षयरोग जास्त आहे.

म्हणजे आजाराचे बी घराच्या पत्त्यातच पेरलेले असते. आपल्या समाजाला हे नव्याने सांगायला नको. गावकुसाबाहेरची जागा, गावाच्या उताराची, सांडपाण्याकडेची जागा कुणाच्या वाट्याला आली, हे आपल्या आजी-आजोबांनी भोगले आहे. शहरात आल्यावरही नाल्याकाठची आणि रेल्वेलगतची जमीनच बहुतेकांच्या नशिबी आली.

इथवरचे बहुतेकांना माहीत असते. पुढची पायरी मात्र कमी लोकांच्या ध्यानात येते. ज्या वस्तीत आजार जास्त, तिथे चांगल्या उपचाराची गरजही जास्त. मग तिथला दवाखाना अधिक सक्षम असतो का? प्रत्यक्षात उलटे घडते.

उलटा नियम

हे उलटे गणित एका डॉक्टराने नेमके मांडले. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधल्या ग्लिनकॉरुग या कोळसा-खाणीच्या खेड्यातले साधे फॅमिली डॉक्टर. १९७१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लिहिले, की चांगली वैद्यकीय सेवा गरजेच्या उलट दिशेने वाटली जाते : जिथे गरज मोठी तिथे सेवा तोकडी, जिथे गरज कमी तिथे सेवा भरपूर. आरोग्यसेवेवर बाजाराचा जोर जितका वाढतो, तितका हा नियम पक्का होतो, असेही त्यांनी बजावले. इंग्लंड-वेल्समध्ये तेव्हा सरकारी सेवा सर्वांना मोफत होती. तरीही गरीब भागात डॉक्टरांवर रुग्णांचा भार जास्त आणि साधने कमी होती.

आपल्याकडे काय आढळले?

दिल्लीत जिष्णू दास आणि जेफ्री हॅमर या अभ्यासकांनी श्रीमंत-गरीब अशा सात वेगवेगळ्या वस्त्यांमधले डॉक्टर तपासले. आधी त्यांना किती येते ते पाहिले, मग प्रत्यक्ष रुग्ण तपासताना ते काय करतात ते पाहिले. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरीब वस्तीतही डॉक्टरांची पाटी गल्लोगल्ली होती, पण तिथल्या डॉक्टरांचे ज्ञान श्रीमंत वस्तीतल्यांपेक्षा कमी होते. खासगीत आणि सरकारीतही हाच फरक होता. शिवाय, येत असलेलेही पूर्ण केले जात नव्हते. एका रुग्णाला सरासरी चार मिनिटांहूनही कमी वेळ आणि तीनच्या आसपास प्रश्न, एवढ्यात तपासणी उरकत होती.

दुसरा अभ्यास मुंबई आणि पाटणा इथला. प्रशिक्षण दिलेली माणसे क्षयरोगाची लक्षणे सांगत खासगी दवाखान्यांत गेली. समोरचा रुग्ण खरा नाही, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार साधारण तीनातल्या एकाच भेटीत योग्य ती दिशा मिळाली. बाकी ठिकाणी खोकल्याचे औषध, अँटिबायोटिक आणि काही वेळा स्टेरॉइडसुद्धा देऊन रुग्णाला घरी पाठवले गेले.

तिसरा अभ्यास मध्य प्रदेशातल्या खेड्यांचा. तिथे एकच डॉक्टर सकाळी सरकारी केंद्रात आणि नंतर स्वतःच्या खासगी दवाखान्यात कसा वागतो, हे पाहिले. डॉक्टर तोच, ज्ञान तेच. पण खासगीत तो जास्त वेळ देत होता, जास्त प्रश्न विचारत होता आणि योग्य उपचारही जास्त वेळा करत होता.

या तिन्ही अभ्यासांत माणूस डॉक्टरांपर्यंत पोचला होता. दुखणे अंगावर काढले नव्हते. तरीही उपचार चुकला. मग ‘अडाणी’ कोण ठरले?

जातीचा काच यात आणखी भर घालतो. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात-राजस्थानातल्या गावांत दलित मुलांना मिळणाऱ्या आरोग्यसेवेचा अभ्यास केला. औषध देताना हाताला हात लागू न देणे, तपासायला कमी वेळ देणे, घरात पाऊल न टाकणे असे वागणे त्यात नोंदले गेले. हात न लावता पोट कसे तपासणार? छातीला स्टेथोस्कोप न लावता न्यूमोनिया कसा कळणार? अस्पृश्यता इथे थेट चुकीच्या निदानात उतरते.

दवाखाना तोकडा का पडतो?

पहिले कारण गर्दी. शहरी आरोग्य अभियानाच्या निकषानुसार पन्नास हजार लोकांमागे एक नागरी आरोग्य केंद्र हवे. निकष पाळला तरी हिशोब करून पाहा. सकाळची ओपीडी चार तासांची, म्हणजे २४० मिनिटे. केसपेपर निघाले दीडशे. एका माणसाच्या वाट्याला आले १ मिनिट ३६ सेकंद. एवढ्यात नाव विचारून गोळ्याच लिहून होतात.

दुसरे कारण वेळ. धुणीभांडी, बिगारी, कचरावेचणी, नाका कामगार यांची कामाची वेळ आणि ओपीडीची वेळ एकच. दवाखान्यात जायचे तर खाडा. म्हणून माणूस रात्री आठला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातो. तिथे तपासणीचे वेगळे पैसे नसतात. पन्नास-शंभरात सुई आणि पुडीतल्या सुट्या गोळ्या मिळतात. डॉक्टरचे पोट औषधावर चालते, तेव्हा औषध जास्तच दिले जाते. गोळ्यांचे नाव पुडीवर नसते, त्यामुळे काय घेतले हे पुढच्या डॉक्टरला कधीच कळत नाही.

तिसरे कारण खंड. रिकामी पदे, कंत्राटी नेमणुका, दर काही महिन्यांनी बदलणारा डॉक्टर. मागच्या वेळी काय झाले हे ना डॉक्टरच्या लक्षात, ना कागदावर. जुनाट आजाराला सलग लक्ष लागते आणि नेमके तेच मिळत नाही.

इथे आम्ही आमच्या परिचारिका, आशा आणि आरोग्यसेविका भगिनींचीही बाजू मांडतो. त्यांतल्या कित्येक जणी अपुऱ्या मानधनावर दोघी-तिघींचे काम एकटीने ओढतात. त्यांच्यावर ओरडून दवाखाना सुधारत नाही.

शरीरावर परिणाम

गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्या आयाबाया प्रत्येक वस्तीत आहेत. त्याच गोळ्यांनी बीपी वाढू शकतो आणि मूत्रपिंडाला इजा होते. वर्षभरात दहा वेळा दवाखान्यात जाऊनही दंडाला बीपीचा पट्टा लागला नाही, असे आम्ही वारंवार पाहतो. मग एके सकाळी तोंड वाकडे होते, हातपाय लुळे पडतात. लोक म्हणतात, अचानक झाले. बीपी मात्र पुष्कळ आधीपासून वाढलेला असतो.

तरतरी येण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या सुईने शुगर चढते. खोकल्यावर ‘फ्लॉक्सासिन’ अशा शेवटाच्या नावाचे अँटिबायोटिक दिले की क्षय काही दिवस दबतो, रुग्णाला बरे वाटते, निदान लांबते आणि तोवर घरातली लेकरे त्याच हवेत श्वास घेत राहतात. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकीची तपासणी हवीच. सरकारी केंद्रात ती मोफत होते, उपचार मोफत असतो, आणि नोव्हेंबर २०२४ पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा एक हजार रुपये देण्याची तरतूद आहे.

बदल होतो का? होतो.

ट्यूडर हार्ट नियम मांडून थांबले नाहीत. आपल्या खेड्यातल्या प्रत्येक प्रौढाचा बीपी मोजायचा, असे त्यांनी ठरवले. सगळ्यांची नोंदवही केली. जो आला नाही, त्याला बोलावून आणले. पंचवीस वर्षे परिचारिका आणि सहकाऱ्यांसह हेच काम नेटाने केले. शेजारच्या तशाच गरीब खेड्याशी तुलना केली तेव्हा ग्लिनकॉरुगमधले पासष्टीच्या आतले मृत्यू पाव हिश्श्याहून अधिक कमी निघाले. खाण तीच, गरिबी तीच. फरक पडला नोंदवहीने आणि पाठपुराव्याने.

आपल्याकडेही २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम काही राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. ठरलेली साधी औषधे, महिन्याच्या गोळ्या एकदम, प्रत्येकाचे कार्ड, न आलेल्याचा शोध : पद्धत तीच. आणि २००७ पासून महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे, ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच आपल्या आरोग्य केंद्राला गुण दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना उत्तरे द्यावी लागली.

आपला गृहपाठ

१. दवाखान्यातून बाहेर पडताना पाच गोष्टी पाहा : मला किती प्रश्न विचारले? हात लावून तपासले का? तिशी उलटली असेल तर बीपी मोजला का? औषधाचे नाव लिहून दिले का? पुन्हा कधी यायचे ते सांगितले का? वस्तीतल्या वीस-पंचवीस घरांतून महिनाभर ही उत्तरे वहीत लिहा. तक्रारीपेक्षा अशा वहीला वजन असते.

२. भीमजयंतीला विहारात आरोग्य शिबिर भरते, बीपी-शुगर मोजली जाते, चिठ्ठी खिशात जाते. त्याच दिवशी एक नोंदवही उघडा. ज्यांचा बीपी १४०/९० किंवा वर निघाला, त्यांची नावे लिहून केंद्रात पुन्हा मोजून घ्या. दर महिन्याला एका रविवारी महिला मंडळातल्या दोघींनी वही घेऊन बसावे आणि गोळ्या कोणाच्या सुटल्या ते पाहावे. वहीतली माहिती खासगी असते. ती चारचौघांत वाचायची नाही.

३. प्रत्येक घरात एक पिशवी ठेवा : जुने केसपेपर, रिपोर्ट, गोळ्यांची रिकामी पाकिटे. डॉक्टर बदलला तरी तुमचा इतिहास तुमच्या हातात राहील.

४. माहिती अधिकारात विचारा : आपल्या केंद्राखाली लोकसंख्या किती, पदे किती मंजूर, किती रिकामी, कोणती औषधे किती दिवस नव्हती, संध्याकाळची ओपीडी का नाही?

५. शहरी आरोग्य अभियानात पन्नास ते शंभर घरांमागे महिला आरोग्य समितीची आणि तिला वर्षाला पाच हजार रुपयांच्या निधीची तरतूद आहे. आपल्या वस्तीत ती आहे का, तिच्यात आपल्या बाया आहेत का, हे आशाताईंना विचारा.

वस्तीचा पत्ता एका दिवसात बदलत नाही. नाला, धूर, दाटी यांची लढाई लांबची आहे आणि ती चालूच राहील. पण दंडाला पट्टा लावणे, थुंकी तपासणे, नाव लिहून औषध देणे, न आलेल्याला बोलावणे यांना मोठा निधी लागत नाही. ती या महिन्यापासून मागता येतात. पुढच्या वेळी कुणी आपल्या वस्तीला अडाणी म्हटले, तर वादात पडू नका. आपली वही त्याच्यापुढे ठेवा.